ही उचल फेडायची कुणाला?

माझी सगळी नोकरी लोखंडात गेली. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर मी आरोग्यसेविका होते, आणि निवृत्त झाल्यावर न्हावऱ्यातच राहिले. गरोदर बाईला रोज एक लाल गोळी, आठवी-नववीच्या मुलींना आठवड्याला एक निळी, त्याहून लहानांना गुलाबी. गोळीनं मळमळतं, संडासला काळं होतं, पोर काळं निपजतं, ही कारणं ऐकून घेत आणि समजूत काढत मी त्या गोळ्या बायकांच्या गळी उतरवल्या. चहावर घेऊ नकोस, वरणात लिंबू पिळ, हे सांगताना कधी थकले नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्क्यांहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. आम्हाला ते डोळ्याची खालची पापणी ओढली की दिसायचं.

आता हिमोग्लोबिन मोजायला छोटं डिजिटल यंत्र आहे, मिनिटभरात आकडा येतो. आमच्या वेळी साहलीची पेटी होती. एका बारीक नळीत तळाच्या खुणेपर्यंत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचं. बोटाला टोचून पिपेटनं रक्त ओढायचं, बरोबर वीस घन मिलिमीटरच्या खुणेपर्यंत. मध्ये हवेचा बुडबुडा आला तर पुन्हा पहिल्यापासून. पिपेटचं टोक बाहेरून पुसून रक्त आम्लात सोडायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. लाल रक्त तपकिरी होतं. मग शुद्ध पाणी थेंब-थेंब टाकायचं, काचेच्या काडीनं ढवळायचं, पेटी उजेडाकडे धरायची आणि नळीतला रंग दोन्ही बाजूंच्या तपकिरी काचांशी ताडून पाहायचा. ज्या थेंबाला रंग जुळेल तिथली पातळी वाचायची. चांगल्या रक्ताच्या बाईच्या नळीत पाणी टाकत राहावं लागतं. ऊसतोडीच्या बायकांचा रंग थोड्याच थेंबांत जुळायचा आणि तिथंच हात थांबायचा. सहा. साडेसहा. सात आलं तरी मनात बरं वाटायचं, इतकी आमची अपेक्षा खाली आलेली.

उजेडाचा रंग ताडून लोखंड किती आहे ते सांगायचं, हे माझं काम होतं. फुटलेल्या ताऱ्यांचा अभ्यास करणारे लोकही हेच करतात, हे मला निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा समजलं. ताऱ्याचा उजेड ते रंगांत फोडतात आणि कुठल्या रंगात कुठला धातू आहे ते वाचतात. आणि जे वाचतात, त्यातलं एक मोठं नाव लोखंड.

खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णींचं काम मी तेव्हापासून जमेल तसं वाचते. जन्म १९५६ चा, कुरुंदवाडचा. म्हणजे नरसोबाच्या वाडीच्या शेजारचा. पुष्कळांना ते सुधा मूर्तींचे धाकटे भाऊ म्हणून ठाऊक. बालपण हुबळीला, मग आयआयटी दिल्ली, बर्कलेला डॉक्टरेट आणि पुढची जवळजवळ सगळी कारकीर्द कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकला. १९८२ मध्ये, विद्यार्थी असतानाच, डोनाल्ड बॅकर यांच्याबरोबर त्यांनी सेकंदाला ६४२ गिरक्या घेणारा पल्सार शोधला. पल्सार म्हणजे मोठा तारा फुटल्यावर मागं राहिलेला त्याचा चिरडलेला गाभा. पुढं १९९८ मध्ये गॅमा किरणांचा झोत आणि ताऱ्याचा स्फोट यांची जोडी एकाच जागी दिसली, त्या स्फोटाच्या रेडिओ लहरींवरही त्यांनी काम केलं. आणि मग आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी ज्याला मी सगळ्यात जास्त मानते ते काम हाती घेतलं: एकेका ताऱ्यामागे न लागता सगळं आकाश पुन्हा पुन्हा पाहायचं आणि काल नव्हतं ते आज काय आहे एवढंच टिपायचं.

माऊंट पालोमारवर १९४८ पासूनची ४८ इंची दुर्बीण आहे. तिला नवे कॅमेरे जोडून २००९ पासून हा शोध सुरू झाला. २०१८ पासून त्याचं नाव झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी. फ्रिट्झ झ्विकी आणि वॉल्टर बाडे यांनी १९३४ मध्ये प्रथम मांडलं होतं की असा स्फोट म्हणजे साध्या ताऱ्याचा न्यूट्रॉन तारा होणं. झ्विकींनी स्वतः हयातभरात शंभराहून अधिक स्फोट शोधले, त्या काळात ते अचाट होतं. त्यांच्या नावाच्या या कॅमेऱ्यात एका वेळी ४७ चौरस अंश आकाश मावतं, म्हणजे पौर्णिमेचे दोनशेहून जास्त चंद्र, आणि उत्तरेचं आकाश दोन-तीन रात्रींत एकदा पाहून होतं. २०२४ अखेर त्यांनी पारखून वर्गवारी केलेल्या स्फोटांची संख्या दहा हजारांपुढे गेली. त्याच वर्षी कुलकर्णींना शॉ पुरस्कार मिळाला.

या दहा हजारांच्या आधीचा एक स्फोट मला सगळ्यात जवळचा वाटतो. २४ ऑगस्ट २०११. सप्तर्षींच्या शेपटाकडचे वसिष्ठ आणि मरीची हे दोन तारे घ्या. त्यांच्याशी त्रिकोण करील अशा जागी एम १०१ नावाची दीर्घिका आहे, २.१ कोटी प्रकाशवर्षं दूर. तिथं पालोमारच्या याच दुर्बिणीला एक नवा ठिपका दिसला, स्फोट होऊन अर्धा दिवसही झाला नव्हता तेव्हाचा. तो एक विझत आलेला लहान, घट्ट तारा होता, श्वेत बटू. असा तारा फुटतो तेव्हा त्यातलं कार्बन आणि ऑक्सिजन काही सेकंदांत जळून सूर्याच्या निम्म्याहून अधिक वजनाचं निकेल तयार होतं. हे निकेल टिकणारं नसतं. सहा दिवसांत त्यातलं निम्मं कोबाल्ट होतं, आणि कोबाल्टमधलं निम्मं ७७ दिवसांत लोखंड होतं. स्फोट पुढं कित्येक आठवडे झळकत राहतो तो या बदलातून निघणाऱ्या ऊर्जेवर. म्हणजे त्या सप्टेंबरात लोक लहान दुर्बिणींतून जो ठिपका आधी उजळताना आणि मग मंद होताना पाहत होते, तो लोखंड घडत असतानाचाच उजेड होता. जवळजवळ दोन लाख पृथ्व्यांच्या वजनाचं लोखंड, आणि ते घडताना माणसानं पाहिलं.

मोठ्या ताऱ्यांचं वेगळं. सूर्याच्या आठपटीहून जड तारा आयुष्यभर आपल्या पोटात एकाहून एक जड मूलद्रव्यं घडवत लोखंडापाशी येतो आणि तिथं अडतो, कारण लोखंड जाळून ऊर्जा मिळत नाही. आधार सुटतो आणि गाभा सेकंदाच्या आत कोसळतो. त्याच्या गाभ्यातलं ते लोखंड आपल्या वाट्याला येतच नाही. ते चिरडून न्यूट्रॉन तारा होतं. आपल्याला मिळतं ते स्फोटाच्या धक्क्यात बाहेरच्या थरांत नव्यानं घडलेलं. २०२३ च्या मे महिन्यात जपानच्या कोइची इतागाकी यांना असा स्फोट दिसला, तोही त्याच एम १०१ मध्ये. आणि हे सगळं दूरदेशीचंच आहे असंही नाही. आमच्याच जिल्ह्यात, नारायणगावाजवळ खोडदला, गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. १९९३ मध्ये सप्तर्षींच्याच भागातल्या दुसऱ्या एका दीर्घिकेत तारा फुटला होता. त्याच्या पसरत्या कवचातून येणाऱ्या रेडिओ लहरी पूनम चंद्रा, अलक रे आणि त्यांच्या सहकाऱ्यानं खोडदला मोजल्या आणि तिथल्या चुंबकीय क्षेत्राचा हिशेब काढला.

हे वाचून झालं आणि एका हंगामात मी ते घोडगंगा साखर कारखान्याच्या बाजूच्या, ऊसतोडीवाल्यांच्या कोप्यांवर बोलले. निवृत्त झाले तरी तिकडं जाणं सुटलेलं नाही. बीडकडची एक बाई होती, पोटात सहावा महिना, रक्त सात. पहाटे नवऱ्याबरोबर फडात, तो तोडणार, ही मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरणार. गोळी घेतेस का विचारलं तर म्हणाली, "लोखंड खाऊन काय व्हायचंय, बाई?" मी तिला सांगितलं की तुझ्या रक्तात आत्ताही लोखंड आहे, आणि ते या जमिनीच्याही आधीचं आहे, तारे फुटले त्यातून आलंय. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी ही बी उचलच की. आन् फेडायची कुनाला?"

उचल काय असते हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको. मुकादम दिवाळीच्या आधी पैसे देतो, जोडपं म्हणजे एक कोयता, आणि ते पैसे हंगामभर ऊस तोडून फेडायचे. आजारपण आलं, बाळंतपण आलं, फेड अपुरी राहिली, तर ती पुढच्या वर्षावर जाते. ऋण म्हणजे काय हे त्या बाईला माझ्याहून आणि कुठल्याही शास्त्र्याहून जास्त कळतं. म्हणून तिचा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही, आजही नेत नाही.

त्याला एक उत्तर आमच्या सप्ताहात मिळालं. महाराजांनी कीर्तनात फुटलेल्या ताऱ्यांचा दृष्टान्त घेतला आणि दधीची ऋषींशी जोडला. इंद्राच्या वज्रासाठी दधीचींनी आपली हाडं दिली, तशी ताऱ्यांनी आपली काया दिली, म्हणून आपण आहोत; जगाच्या मुळाशी त्याग आहे. मंडप भारावून गेला. महाराज व्यासंगी आहेत, त्यांचा मला आदर आहे, आणि तरी हा दृष्टान्त मला पटला नाही. दधीचींकडे देव मागायला गेले होते. त्यांनी ऐकलं, विचार केला, होकार दिला. तो होकार हाच त्यांचा त्याग. ताऱ्याला कुणी विचारलं? इंधन संपलं आणि तो कोसळला. ज्याला नाही म्हणता येत नव्हतं त्याच्या नाशाला त्याग म्हणायचं ठरवलं, तर उद्या सहाव्या महिन्यात मोळी उचलणाऱ्या बाईच्या झिजण्यालाही आपण त्याग म्हणू. म्हणतोच. बाईच्या जातीला सोसणं आलंच, असं म्हणून तिच्यापुढं हात जोडतो आणि मोळी तिच्याच डोक्यावर राहते. ही सवय मी घराघरांत पाहिली आहे, आणि तिला आकाशातून दाखला मिळावा हे मला सोसत नाही.

दुसरं उत्तर घरातलं. माझा मुलगा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, वाचन चांगलं आहे. तो म्हणतो, "आई, कुणी दिलंच नाही तर देणं कसलं? निकेल अस्थिर असतं म्हणून त्याचं लोखंड झालं. ते आपल्यासाठी झालं नाही. आभार मानायचे तर मानणारा आणि घेणारा दोघे लागतात." त्याचं एक वाक्य खरं आहे. लोखंड आपल्यासाठी झालं नाही. पण म्हणून ऋण उरत नाही, हे मला मान्य नाही, आणि का मान्य नाही हे मला कुठल्या ग्रंथानं शिकवलं नाही, बाळंतपणांनी शिकवलं.

पोटातलं बाळ आईकडून लोखंड ओढून घेतं. वार ते काम करते. आई झोपलेली असो, रडत असो, तिला हे मूल हवं असो वा नसो. आईकडे कमी असलं तरी आधी बाळाकडे जातं; शेवटच्या तीन महिन्यांत तर सगळ्यात जास्त. जन्मल्यावर नाळ लगेच कापू नये, एक ते तीन मिनिटं थांबावं, असं आम्हाला नंतरच्या प्रशिक्षणांत शिकवलं. त्या मिनिटांत नाळ धडधडत असते आणि वारेतलं रक्त बाळाकडे जातं; पुढचे काही महिने त्या लोखंडावर बाळाचं चालतं. मी बोटांत नाळ धरून ती धडधड थांबेपर्यंत थांबले आहे. त्या वेळी कोण देत असतं? आईनं काही ठरवलेलं नसतं. तिला बहुतेक वेळा ठाऊकही नसतं. तरी त्या मुलावर आईचं ऋण नाही असं म्हणायला माझा मुलगाही धजणार नाही. ऋण लागतं ते देणाऱ्याच्या इच्छेमुळं नव्हे. घेणारा त्यावर उभा राहतो म्हणून ते लागतं.

आपल्या परंपरेनं हे फार पूर्वी जाणलं होतं, असं मला वाटतं. तैत्तिरीय संहितेत म्हटलं आहे की माणूस तीन ऋणं घेऊनच जन्मतो: ऋषींचं, देवांचं, पितरांचं. जन्मतोच, म्हणजे काही मागण्याच्या, सही करण्याच्या आधी. त्या वचनात ब्राह्मणाचंच नाव आहे, हे मी लपवत नाही; पण रक्तातल्या लोखंडाला जात नसते, तेव्हा ते वचन मी सगळ्यांसाठी वाचते. शतपथ ब्राह्मणात चौथं ऋण आहे, माणसांचं. आणि गंमत अशी की यांतलं काही ऋण ज्याचं त्याला परत जात नाही. पितरांचं ऋण पितरांना नाही, पुढच्या पिढीला फिटतं. ऋषींचं ऋण अध्ययनानं फिटतं. माणसांचं ऋण आल्यागेल्याला अन्न आणि आसरा देऊन फिटतं. ज्याला जेवू घालतो त्याच्याकडून आपण घेतलेलं नसतं.

मग ताऱ्याचं ऋण? तो तर उरलाच नाही. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांपूर्वी जमला तेव्हा ज्यांची राख त्या ढगात होती, ते तारे कुठले हे कुणाला दाखवता येणार नाही. अशा ऋणाची एक फेड अध्ययन हीच, असं मी मानते. कुलकर्णी आणि त्यांच्यासारखे लोक पालोमारवर रात्रीमागून रात्री आकाश पाहतात, लडाखमध्ये हान्लेला आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची लहान रोबो-दुर्बीण त्याच कामाला जोडलेली आहे, त्या सगळ्याला मी ऋषिऋणाची फेड म्हणते. आणि फेडीत लबाडी चालत नाही. १०५४ च्या जुलैमध्ये वृषभ राशीत तारा फुटला, चिनी लोकांनी तो नोंदला, २३ दिवस तो भर दिवसा दिसत होता. आपल्याकडे इतके ज्योतिषी, इतकी पंचांगं. कुणी लिहून ठेवलं असेलच, या ओढीनं जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी जुने ग्रंथ धुंडाळले. खात्रीची नोंद हाती आली नाही, आणि त्यांनी ती आली नाही असंच २००१ मध्ये छापलं. एखादा संदिग्ध श्लोक ताणून जुळवता आला असता, टाळ्याही मिळाल्या असत्या. ज्यांचे गुरू फ्रेड हॉइल १९५७ च्या त्या प्रसिद्ध निबंधाचे एक लेखक, ज्यात मूलद्रव्यं ताऱ्यांत कशी घडतात ते मांडलं गेलं, त्या नारळीकरांकडून मी दुसरं काही अपेक्षिलंही नसतं. न सापडलेलं न सापडलेलं म्हणून सांगणं ही मला मोठी धर्मनिष्ठा वाटते.

एक काटा मात्र उरतो, आणि तो मी झाकून ठेवत नाही. ताऱ्याला हेतू नव्हता हे मान्य केलं, की त्या सातच्या आकड्यालाही हेतू नाही हे मान्य करावं लागतं. देवानं तिची परीक्षा घेतली, गेल्या जन्मीचं भोगलं, ही वाट बंद होते. मी माळकरी घरातली आहे. आषाढीला वाखरीपर्यंत चालत गेले आहे, विठ्ठलापुढं डोकं ठेवताना माझ्या मनात शंका नसते. पण त्या बाईचं रक्त सात का, हे मी विठ्ठलाला विचारत नाही, कारण उत्तर मला माहीत आहे. घरात सगळ्यांत शेवटी जेवते, पाळीत जातं ते भरून निघत नाही, बाळंतपणांत अंतर नाही, आणि सुट्टी घेतली तर पैसे कापले जातात. यातलं एकही कारण आकाशातून आलेलं नाही. लोखंड आकाशातून आलं. ते तिच्यापर्यंत का पोचलं नाही, याचा जाब इथंच द्यायचा आहे.

तिला मी तेव्हा एवढंच म्हणाले होते, "या उचलीला मुकादम नाही, बाई. तू घेऊन टाक. फेडायचं तर पोटातल्याला दे." ती हसली, आणि गोळ्यांचं पाकीट कमरेच्या पिशवीत ठेवलं. खाल्ल्या की नाही ते मी पुढच्या खेपेला पाकीट मोजून पाहिलं. बऱ्याचशा गेल्या होत्या.

महाराजांशी माझं बोलणं अजून चालू आहे. त्यांचं म्हणणं, कर्त्यावाचून कर्म होत नाही. हेतू ताऱ्यात नसेल पण ताऱ्यामागं असेल. मी म्हणते, असेलही, तो तुमचा अधिकार. पण त्याग हा शब्द ज्याला नाही म्हणता येतं त्याच्यासाठीच ठेवा. त्यावर त्यांनी मान हलवली, कबूल केलं नाही. पण पुढच्या सप्ताहात दधीचींची कथा त्यांनी निराळी सांगितली, देवांनी मागितलं आणि ऋषींनी होकार दिला या दोन गोष्टींवर थांबून थांबून. आणि माझी दुसरी विनंती त्यांनी तिथल्या तिथं मान्य केली. काल्याच्या दिवशी मंडपाच्या कडेला रक्ततपासणीचं टेबल लागलं, कोप्यांवर आदल्या संध्याकाळी निरोप गेला, आणि महाप्रसादाच्या पहिल्या पंगतीला ऊसतोडीच्या बायका बसल्या. वाढपी गावातले होते. पानात गुळाची लापशी, मटकीची उसळ आणि लिंबाची फोड होती. चहा मी मुद्दाम दोन तास उशिरा ठेवायला सांगितला होता.